विचारणाऱ्याला उत्तर

मंगळवार, रात्र

आज डबा खाताना मी एका माणसाला गप्प केलं. त्याने अर्धी पोळी आणि वांग्याची भाजी तशीच ठेवून डब्याचं झाकण लावलं, हात धुवायला म्हणून उठला आणि परत टेबलावर आलाच नाही. अठरा वर्षं आम्ही एका खात्यात काम करतोय. माझे बाबा गेले तेव्हा शिवडीच्या कब्रस्तानात भर पावसात तो शेवटपर्यंत उभा होता.

पेपरात धर्मांतराची बातमी होती, तिच्यावरून विषय निघाला. "ताई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमच्या नगरकडच्या लोकांनी दुष्काळात धान्य मिळतं म्हणूनच ख्रिस्ती धर्म घेतला ना?" हा प्रश्न मी शाळेपासून ऐकत आलेय. एरवी ऐकून सोडून देते. आज डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "आणि तुमचा सत्यनारायण? पोरगी प्रसाद न घेता धावली म्हणून तिच्या नवऱ्यासकट नौका बुडवणारा देव! त्यापेक्षा धान्य देणारा बरा." समोरच्या दोघी हसल्या. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

त्याच्या घरी दर श्रावणात सत्यनारायण असतो. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासाठी शिरा आणतो, वेगळ्या डबीत, नैवेद्य दाखवायच्या आधी बाजूला काढलेला. पहिल्या वर्षी मी सांगितलं होतं की देवापुढे ठेवलेलं मी खात नाही. त्यावर त्याने एका शब्दाने वाद घातला नाही की मनाला लावून घेतलं नाही. तेव्हापासून बायकोला सांगून दरवर्षी आधी माझी डबी भरून घेतो. हे मला आठवलं ते गाडीत, परळ गेल्यावर. कल्याणपर्यंत मान वर करवेना.

रात्री प्रार्थनेला बसले, पण शब्द फुटले नाहीत.

गुरुवार

तो दोन दिवस वरच्या मजल्यावर डबा खातोय. समोर आला की "गुड मॉर्निंग ताई" म्हणतो, बस्स.

संध्याकाळी घरची गाडी न धरता चर्नी रोडला उतरले आणि चौपाटीवर जाऊन बसले. समोर विल्सन कॉलेज. लहानपणी बाबा मला इथे आणायचे. भेळ घ्यायचे आणि 1857 ची हकीकत सांगायचे. त्या वर्षी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनारी जाहीर वादविवाद झाले. एक दिवस नव्हे, कित्येक आठवडे. वाळूत माणसं जमायची, प्रश्न आणि आक्षेप, उत्तरं आणि प्रत्युत्तरं चालायची. मिशनऱ्यांच्या बाजूला जॉर्ज बोवेन नावाचे अमेरिकन होते, त्यांनीच पुढे त्या वादांची नोंद छापली. तेव्हाचा किनारा आता तसा राहिलेला नाही, मरीन ड्राइव्ह तर पुढल्या शतकातला. पण बाबा वाळूकडे बोट दाखवून अशा थाटात सांगायचे की मला ती गर्दी दिसायची.

मी लहान असताना एकच विचारायचे, "मग जिंकलं कोण?" बाबा म्हणायचे, "आपले म्हणतात आपण, त्यांचे म्हणतात ते." मला हे उत्तर मुळीच आवडत नसे. आज वाटतं, त्या वादात कोण काय बोललं हे आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आज दहा माणसांनाही सांगता येणार नाही. बोवेनसाहेबांचं नाव निघतं ते दुसऱ्याच कारणाने. या माणसाने मिशनचा पगार घेणं सोडलं, लोकांच्या दाट वस्तीत अगदी साधेपणाने राहिला आणि 1888 मध्ये मरेपर्यंत मुंबईतच राहिला.

आणखी एक गोष्ट आज पहिल्यांदा स्वतःशी नीट कबूल केली. त्या काळातल्या मिशनऱ्यांच्या पुस्तकांत आणि पत्रकांत हिंदू देवदेवतांची टवाळी आहे. पुराणातल्या गोष्टी काढून त्यांची थट्टा केलेली आहे. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, मराठी छापखाने चालवले, त्या ऋणातून मी कधीही मोकळी होणार नाही. पण ती टवाळी चूक होती. मंगळवारी डब्यापाशी माझ्या तोंडून जे निघालं ते त्याच पत्रकांतलं होतं, दीडशे वर्षांनी शिळं झालेलं.

ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचं उदाहरण याच्या अगदी उलट. आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी हिंदू धर्मावर हल्ला चढवला नाही. संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि उतरताना बायबलमधल्या नव्या कराराची प्रत हातात दिली. दिलेल्या शब्दाखातर टिळक वाचायला बसले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना ते पुस्तक सोडवेना. 1895 च्या फेब्रुवारीत इथे मुंबईतच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र लगेच आल्या नाहीत. पुढची पाचेक वर्षं त्या आपल्या धर्मात राहिल्या, आपलं सोवळंओवळं पाळत राहिल्या. टिळकांसारखा तापट माणूस, पण या बाबतीत त्यांनी बळजबरी केली नाही. दोघांचं काय काय झालं ते लक्ष्मीबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय. घरातल्या घरात इतका मोठा मतभेद, आणि तरी एकमेकांवाचून करमत नव्हतं. मला हे कुठल्याही जाहीर वादापेक्षा मोठं वाटतं.

येशूचा शिष्य पेत्र याने पहिल्या पत्रात लिहिलंय, तुमच्या आशेबद्दल जो विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. आम्ही रविवारच्या शाळेत हे पाठ केलेलं. पाठ करताना सगळा जोर "उत्तर द्यायला तयार" या शब्दांवर असायचा. बाबा एकदा म्हणाले होते, लिहिणारा कोण ते बघ. येशूला धरायला आले तेव्हा गेथशेमाने बागेत तलवार काढून मल्ख नावाच्या दासाचा कान तोडणारा हाच पेत्र. आणि तो कान प्रभूने तिथल्या तिथे बरा केला.

वारा सुटला तशी उठले. दादरला गाडी बदलताना इतकी गर्दी होती की दोन गाड्या सोडाव्या लागल्या.

रविवार, दुपार

उपासनेनंतर ताईकडे जेवायला. तिथे चार महिन्यांपासून वेगळंच धुमसतंय. भाचा एका नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती गटात, जायला लागला आणि त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला, पाण्यात पूर्ण बुडून. ताईला ते फार लागलंय. "मग तू तीन महिन्यांचा असताना आम्ही तुला पाळकांच्या हातात दिलं, ते काय होतं?" हे विचारताना तिचा आवाज अजून फुटतो. भावोजी प्रेषितांची कृत्ये काढतात, तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा सगळ्या घरच्यांसह बाप्तिस्मा झाला ते वचन. भाचा मार्काचं शुभवर्तमान काढतो, आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. पत्ते टाकावेत तशी वचनं टाकणं चालतं आणि आमटी निवते.

वाद घालणं पाप आहे असं मला वाटत नाही. यरुशलेमेत सुंतेच्या प्रश्नावर सभा भरली तेव्हा "पुष्कळ वादविवाद झाल्यावर" पेत्र बोलायला उठला असं शास्त्रातच आहे. अंत्युखियात पौलाने त्याच पेत्राला तोंडावर सांगितलं की तू चुकतोयस. पंडिता रमाबाईंनी तर ज्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी त्यांना आधार दिला, त्यांनाच पत्रं लिहून शिकवणुकीवर प्रश्न विचारले आणि कळवलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून आत्ताच सुटलेय, दुसरं मानेवर घेणार नाही. आणि त्याच बाईंनी पुढे मूळ भाषा शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. प्रश्न विचारणारी माणसं मंडळी मोडतात असं आमच्यातले वडीलधारे म्हणतात, ते मला पटत नाही.

पण पौल आणि बर्णबा मार्कावरून इतके भांडले की त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तेही लिहिलेलं आहे, कुणी झाकून ठेवलं नाही. पुढे म्हातारा पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो, मार्काला बरोबर घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. मधल्या वर्षांत काय झालं ते शास्त्र सांगत नाही. मला ती मधली वर्षं फार जवळची वाटतात.

आज मी भाच्याला एवढंच विचारलं, "त्या दिवशी पाण्यात उतरलास तेव्हा तुला काय वाटलं रे?" तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मावशी, पाणी खूप थंड होतं. आणि मला आजोबा आठवले. ते असते तर रागावले असते की आले असते, तेच मनात चाललं होतं." ताई भात वाढता वाढता थांबली. चार महिन्यांत हे कुणी त्याला विचारलंच नव्हतं, मीही नाही. लहान मुलांचा बाप्तिस्मा योग्यच आहे असं माझं मत आजही आहे, ते मी त्याला सांगितलं. तो हसून म्हणाला, "माहीत आहे." जेवण झाल्यावर भांडी त्यानेच घासली.

सोमवार

दुपारी वर जाऊन त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "त्या दिवशी मी तुझ्या देवाबद्दल बोलले ते बोलायला नको होतं. मला माफ कर." तो गडबडला. "जाऊ द्या हो ताई." म्हटलं, "नाही. आणि तू विचारलंस त्याचं उत्तरही दिलं नाही, ते आता देते."

मग सगळं सांगितलं. हो, 1876 ते 78 च्या दुष्काळात माझ्या खापरपणजोबांच्या घरी मिशनचं धान्य आलं. ते आलं नसतं तर मी आज इथे नसते. तेव्हा धान्यासाठी झालो का, याचं उत्तर काही अंशी हो असं आहे, आणि भुकेल्या माणसाने भाकर घेतली याची मला लाज वाटत नाही. पण त्या घराला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. तिथे कुणीतरी आत येऊन बसलं, पोरांना पाटी दिली. धान्य दोन वर्षांत संपलं, पाटी राहिली. 1950 च्या आदेशानंतर ख्रिस्ती म्हणून नोंद असलेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळेनाशा झाल्या. आजोबांना गावातल्या लोकांनी सुचवलं की कागदावर धर्म बदला, घरात काय करता ते कोण बघतंय. आजोबांनी बदलला नाही. का, ते त्यांनी कधी समजावून सांगितलं नाही. रोज पहाटे ते कंदिलाशी गुडघे टेकायचे, तेवढं मी पाहिलंय.

हाच 1950 चा मुद्दा माझ्याकडे मंगळवारीही होता. तेव्हा फेकून मारला असता.

तो बराच वेळ डब्याच्या कडीशी चाळा करत बसला. मग हळूच म्हणाला, "ताई, मी तुमच्यासाठी विचारलंच नव्हतं. बायको तीन महिने दर बुधवारी माहीमच्या चर्चला जातेय. मला भीती वाटते. तिला कुणी काही दिलं असेल, काही सांगितलं असेल. तिला विचारलं की भांडण होतं."

मी सुन्न झाले. असं असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"तुम्ही जाता ना तिथे?" त्याने विचारलं. म्हटलं, नाही, ते कॅथलिक, आमची मंडळी प्रॉटेस्टंट. मरियेला आम्ही मान देतो, तिच्याकडे प्रार्थना करत नाही. "म्हणजे तुमच्यातही मतभेद?" आहेत, म्हटलं, चांगले जुने आहेत. पूर्वी मी इथेच दहा मिनिटं त्यांच्या चुका सांगितल्या असत्या. आज मला माहीत होतं तेवढं सांगितलं: ही बुधवारची नोव्हेना, म्हणजे मरियेकडे करायची प्रार्थना, 1948 पासून चालू आहे, सगळ्या धर्मांचे लोक येतात, आणि नोव्हेनाला गेलं म्हणून कुणी ख्रिस्ती होत नाही. बाप्तिस्मा ही वेगळी गोष्ट आहे, ती स्वतः मागून, शिकून घ्यावी लागते. आणि म्हटलं, "ती काय मागते ते तिला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं.

बुधवार, रात्र

तो बायकोबरोबर जायचं म्हणाला आणि मला म्हणाला, तुम्हीही या, मला तिथलं काही कळणार नाही. माझी मंडळी काय म्हणेल हा विचार माटुंग्यापर्यंत मनात होता, मग सुटला.

माहीम स्टेशनपासूनच गर्दी. फूटपाथवर मेणबत्त्या, फुलांचे हार आणि मेणाच्या वस्तू: हात, पाय, तान्हं बाळ, विमान. ज्याचं जे मागणं असेल ते विकत घेऊन अर्पण करायचं. त्याची बायको मला पाहून आधी घाबरली, मग माझा हात धरला तो सोडला नाही. एका टोपलीपाशी वाकून तिने सवयीने एक वस्तू उचलली. मेणाचं घर, कौलारू, तळहाताएवढं.

त्यांची चाळ पाडून सहा वर्षं झाली. बिल्डरने काम थांबवलंय, दोन वर्षं भाडंही बंद आहे. हे तो डब्याच्या टेबलावर कधी बोलला नव्हता. मीही कधी विचारलं नव्हतं.

"दर वेळी हेच घेतेस?" त्याने तिला विचारलं.

"मग दुसरं काय घेऊ?" ती म्हणाली.

त्याने खिशातून पैसे काढून टोपलीवालीला दिले. ती दोघं रांगेत शिरली. मी मागच्या भिंतीशी उभी राहिले आणि माझ्या पद्धतीने, मनातल्या मनात, त्यांच्या घरासाठी मागितलं.