चांगलाच डोळा का झाकायचा?

'आळशी डोळा' म्हणजे एका डोळ्याची नजर मंद राहणं. त्यावरच्या उपचारात मुलांचा चांगला डोळा पट्टीने का झाकतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नागपूरच्या धंतोलीत पट्टी हातात ठेवली की मुलासोबतची आजी विचारतेच, "मॅडम, आजारी डोळा सोडून चांगलाच कायले झाकता?"

कारण तो 'आजारी' डोळाही बहुतेकदा धडधाकट असतो. पडदा ठीक, नस ठीक. एकीकडे नंबर प्लस एक, दुसरीकडे प्लस चार. धूसर चित्र पाठवणाऱ्या डोळ्याचं ऐकणं मेंदू सोडून देतो. मग चष्म्याने चित्र स्वच्छ झालं तरी सुटं अक्षर वाचता येतं, ओळीतलं शेजारच्या अक्षरांत मिसळतं.

मेंदूवर ढकलते असं वाटतं ना? 1958 साली अमेरिकेत बाल्टिमोरला मेंदूचे अभ्यासक डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल बेशुद्ध मांजरीच्या मेंदूत, मागच्या भागात, एकेका पेशीजवळ बारीक तार नेऊन तिची टकटक स्पीकरवर ऐकत होते. काचपट्टीवरचा काळा ठिपका तासन्‌तास दाखवला, पेशी ढिम्म. काचपट्टी सरकवताना मात्र एकदम मशीनगनसारखा आवाज! ठिपक्याने नव्हे, काचेच्या कडेच्या पुसट सावलीने. एक सरळ रेघ, ठरावीक कोनात. कोन बदलला की पेशी गप्प. आकार ओळखणं अशा रेघांपासून सुरू होतं. पुढे त्यांनी पिल्लांचा एक डोळा जन्मानंतर काही आठवडे शिवून ठेवला. टाके काढले तेव्हा डोळा शाबूत होता, पण मेंदूत त्याला दाद देणाऱ्या पेशी जवळजवळ उरल्या नव्हत्या. मोठ्या मांजरीत असं झालं नाही. मला हे क्रूर वाटतं, आणि माझं रोजचं काम त्यावरच उभं आहे.

म्हणूनच लहानपणी चांगला डोळा झाकून मेंदूला दुसऱ्याचं ऐकायला लावायचं. पण आधी दिवसभर चष्मा, साधारण चार महिने. काहींचं तेवढ्यानेच भागतं. मग पट्टी: नजर 6/12 ते 6/24 असेल (6/6 म्हणजे चांगली; खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी) तर रोज दोन तास, त्याहून कमी असेल तर सहा. पट्टी कातडीलाच चिकटवा, वर चष्मा. काचेवर लावली तर पोरगं नाकाच्या बाजूने चोरून बघतं. तो वेळ धरू नका. मे महिन्यात घामाने सुटते, तेव्हा सकाळी चेहरा कोरडा करून कूलरपाशी बसवा. नजर सुधारली की एकदम बंद नको, सहावरून दोन तासांवर या. थांबवल्यावर साधारण चारातल्या एकाची नजर वर्षभरात पुन्हा घसरते.

दहा वर्षांच्या मुलाचं काय? वयाच्या सातव्या वर्षानंतर काहीच होत नाही, हे मी मान्य करत नाही. बाराव्या वर्षापर्यंतही बऱ्याच जणांना नजरेच्या तक्त्यावरच्या दोनेक ओळी जास्त वाचता येतात. पण वर्गात पट्टी लावून बसण्याचा त्रास त्या दोन ओळींहून मोठा असू शकतो. तिथे मी आधी त्या मुलालाच विचारते.