माझा अनुभव : मालवणची जाम मोटर नाशिकला कशी सुटली

मालवणला माझ्या आतेभावाची छोटी होडी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा त्याची सगळी डागडुजी त्याच काळात चालते. गेल्या पावसाळ्यात त्याने पडवीत कित्येक वर्षं धूळ खात पडलेली आठ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे अडकवायची मोटर, टेम्पोत टाकून थेट नाशिकला पाठवून दिली. फोनवर म्हणाला, "धाडतंय तुझ्याकडे. काय जमता ता बघ." मी सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. त्यामुळे जगातलं कुठलंही मशीन मला उघडता येतं, असा नातेवाइकांचा समज.

इंजिन फिरत नव्हतं, पण ते सोपं निघालं. प्लग काढून भोकातून डिझेल आणि टू-टी ऑइल ओतलं आणि मोटर तशीच पडू दिली. अधूनमधून फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावून हलका जोर देत राहिलो. जोर फक्त घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने द्यायचा. खाली इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपात रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, असतो, उलटं फिरवलं की त्याची पाती उलटी दुमडतात. पिस्टनच्या रिंगा नुसत्या चिकटल्या होत्या, एके संध्याकाळी सुटल्या.

खरी गंमत खालच्या गिअरकेसची, म्हणजे गिअर बसवलेल्या खालच्या पेटीची. इम्पेलर बदलायचा तर ती उतरवावीच लागते. तिचे चार बोल्ट स्टेनलेसचे आणि बॉडी ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून आट्यांत ठासून बसते. बोल्ट वरून चकचकीत दिसतो आणि आत सिमेंट. आधी कुणीतरी त्यावर छिन्नी चालवली होती, एका बोल्टचं डोकं पार गोल झालेलं.

फवाऱ्याच्या डब्यातलं गंज सोडवणारं तेल मी वापरून पाहिलं. वास चांगला येतो. मग ॲसिटोन आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, अर्धं-अर्धं केलं. ही दोन्ही एकजीव होत नाहीत, दर वेळी बाटली हलवूनच थेंब सोडावे लागतात. रोज सकाळी ड्युटीला जाताना चार थेंब, देवाला पाणी घातल्यासारखे. आच द्यायच्या आधी मात्र हे सगळं पुसून कोरडं करायचं, ॲसिटोन भडकतं.

काम केलं ते आचेने. ॲल्युमिनियम स्टेनलेसच्या जवळजवळ दीडपट पसरतं, म्हणून आच बोल्टला न देता त्याच्या भोवतालच्या बॉडीला द्यायची. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन सूचना देत नाही, सरळ ओघळतं. म्हणून ब्लो टॉर्च सारखा फिरता ठेवायचा आणि मधूनमधून पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब चर्र करून उडाला की बस्स. तेवढ्यात बोल्टच्या मुळाशी मेणबत्ती टेकवायची, मेण वितळून फटीत शिरतं. मग पाना. आणि पहिला झटका सोडायच्या दिशेने नाही, आवळायच्या दिशेने, अगदी केसभर. आतली भुकटी फुटली की 'कट्' असा बारीक आवाज येतो. त्यानंतर पाव आटा बाहेर, थोडं आत, परत बाहेर. घाई केली की आटे पांढऱ्या चुऱ्यासकट सोलून येतात.

असे तीन निघाले. चौथा, तो गोल डोक्याचा, मुंडी तुटून गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, मुंडी गेली म्हणून गिअरकेस तरी खाली उतरली. तीही सहज हातात आली नाही. ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे इंजिनाची फिरकी खाली गिअरपर्यंत नेणारा दांडा, वर इंजिनात चिकटलेला होता. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं असतं तर सांध्याला खाचा पडल्या असत्या, म्हणून दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी सारख्या ठोकल्या.

तुटलेल्या बोल्टचं बोटाच्या पेराएवढं टोक बाहेर होतं. आमच्याकडचे वेल्डर मामा म्हणाले, "इझी-आउट घालू नको. तो आत मोडला तर त्याला ड्रिलसुद्धा लागणार नाही." इझी-आउट म्हणजे तुटक्या बोल्टला भोक पाडून आत पिळायचा उलट्या आट्यांचा कडक स्क्रू. त्यांनी टोकावर एक मोठा नट बसवला आणि स्टेनलेसच्या रॉडने आतून भरून घेतला. अर्थिंगची पकड अगदी शेजारी लावली, म्हणजे करंट बेअरिंगांतून जात नाही. वेल्डिंगने बोल्ट आतून तापतो, थंड होताना आकसतो आणि भुकटीची पकड सुटते. लाली गेल्यावर मामांनी पाना माझ्या हातात दिला. बोल्ट कुरकुरत, एकेक आटा दाखवत वर आला.

पुढचं नेहमीचं. आटे साफ करायला त्यांतून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला, नवा इम्पेलर टाकला, बोल्टांना अँटी-सीझ, म्हणजे परत जाम होऊ न देणारी पेस्ट, चोपडून बसवले. अंगणात निळ्या ड्रममध्ये पाणी भरून मोटर चालवली. थंडाव्याच्या पाण्याची धार मागून बाहेर पडली तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "धरणावर नेणार का?"

मोटर वर उचलायचा बिजागरीचा रॉड अजून जाम आहे. त्याच्याभोवतीचं कास्टिंग इतकं खाल्लं गेलंय की आच दिली तर तडकेल. मी तो तसाच सोडला आणि भावाला फोनवर सांगितलं, "दादा, किनाऱ्याला लावताना मोटर उचलता येणार नाही, काढूनच घ्यावी लागेल."