उसनी पक्कड

रविवारी दुपारी क्लिंट ईस्टवुडचा २००८ सालचा 'ग्रॅन टोरिनो' हा चित्रपट पुन्हा पाहिला. फोर्डच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, कोरियाच्या युद्धात लढलेला एक खाष्ट म्हातारा आणि त्याच्या शेजारी राहणारे, मूळचे आग्नेय आशियातल्या हमोंग जमातीचे कुटुंब, अशी ती डेट्रॉइटकडची गोष्ट आहे. म्हाताऱ्याने जिवापाड जपलेली १९७२ सालची मोटार शेजारचा ताओ टोळीच्या दबावाखाली चोरायला येतो आणि तिथूनच पुढे त्या दोघांचे सूत जुळते. (बहात्तर म्हटले की आम्हा मराठवाड्यातल्यांना दुष्काळ आणि अमेरिकेहून आलेली ती लाल मिलो ज्वारी आठवते, पण ते असो.)

शेजारणींनी पायरीवर आणून ठेवलेल्या जेवणाचे पुष्कळांना कौतुक वाटते. मला मात्र त्या म्हाताऱ्याचे गॅरेज आवडते. भिंतभर टांगलेली हत्यारे पाहून पोरगा बावरतो, तेव्हा म्हातारा त्याच्या हाती आवळून बसणारी पक्कड, गंज सोडवणाऱ्या तेलाचा डबा आणि चिकटपट्टी देतो व घरातली निम्मी कामे एवढ्यावर भागतात असे बजावतो.

नांदेडला आमच्या शेजारी कापडगिरणीतले एक फिटर राहत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या पकडीच्या दोन्ही मुठींना सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली असे आणि परत आलेली पक्कड ते तेलाच्या चिंधीने पुसल्याशिवाय पेटीत ठेवत नसत. माझे वडील शाळामास्तर आणि माळकरी. चाचांच्या घरचा चहा त्यांनी बरीच वर्षे काही ना काही निमित्ताने टाळला, पण नळ गळायला लागला की भिंतीपाशी जाऊन पक्कड मागण्यावाचून गत्यंतर नसे. लोखंडाला विटाळ नसतो, असा निवाडा आजीने केव्हाच देऊन टाकलेला होता. "कायकू होना, मास्तर?" असे चाचा विचारत आणि काम ऐकून घेतल्यावर बहुधा स्वतःच भिंत ओलांडून येत.

चित्रपटात ती मोटार अखेर मृत्युपत्राने ताओकडे जाते. चाचांनी गिरणी बंद पडल्यावर हत्यारांची पेटी विकून टाकली. पक्कड तेवढी मागे ठेवली, कारण "मास्तर मांगने आयेंगे". वडिलांना ती नीट धरता मात्र शेवटपर्यंत आली नाही.