दासगावच्या बंदरापासून चवदार तळ्यापर्यंत

महाडला येणारी माणसं बहुतेक थेट चवदार तळ्यावर जातात. मी मात्र ठरवून आधी दासगावला उतरले. मुंबई-गोवा महामार्गावर, महाडच्या अलीकडे, सावित्रीच्या खाडीला लागून असलेलं हे गाव. २५ डिसेंबर १९२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी 'पद्मावती' बोटीतून इथे उतरले आणि पाचेक मैलांवरच्या महाडला चालत निघाले. मला ती वाट पायांखालून घालायची होती.

आज ती वाट म्हणजे रहदारीचा रस्ता. ट्रक अंगावर धूळ उडवत जातात, सावली तुटक आणि हवा दमट. त्या काळी ही माणसं घोषणा देत, रांगा धरून याच दिशेने गेली असतील, या विचारानेच अंगावर काटा येत होता.

चालताना माझ्या डोक्यात दोन ठराव घोळत होते. पहिला १९२३ चा, मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. दुसरा १९२४ चा, महाड नगरपालिकेचा: चवदार तळं सर्वांना खुलं. कागदोपत्री सगळं झालं होतं, तरी गावच्या धाकामुळे कोणी दलित त्या काठावर उतरू शकला नाही. इतर धर्मांची माणसं पाणी भरत होती, गुरंढोरं पाणी पीत होती. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि त्यांच्यामागून हजारोंनी. माझ्या मते ठरावाला जीव आला तो त्या दिवशी. त्याची किंमतही लगेच वसूल केली गेली. त्या मार्चमधल्या परिषदेहून परतणाऱ्यांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

तळं आता गावाच्या ऐन मध्यात आहे. चहूकडे घरं, दुकानं, बांधीव काठ आणि बाबासाहेबांचा पुतळा. पायऱ्यांवर एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. "कुठनं आलीस गं पोरी?" त्यांनी विचारलं. दासगावपासून चालत आले म्हटल्यावर त्यांनी शेजारी जागा करून दिली. "आमची सासू सांगायची, तवा बायाबी आल्या होत्या. ते बी लिही." लिहिते आहे, आजी. डिसेंबरच्या परिषदेनंतर बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली होती. लुगडं नीट घोट्यापर्यंत नेसा, जातीची खूण म्हणून अंगावर चढवलेले कथलाचे दागिने टाका, मुलींना शिकवा, असं त्यांनी सांगितलं. तिथल्या बायकांनी ते लगोलग अमलात आणलं. तीही एक जाहीर घोषणाच होती, आणि ती अंगावर नेसून गावात मिरवायला फार मोठी छाती लागत होती.

तिथून मनुस्मृती दहनाचं स्मारक असलेल्या क्रांतिस्तंभाकडे गेले. डिसेंबरमधल्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. तळ्यावर जाण्याला कोर्टाचा मनाई हुकूम होता, म्हणून सत्याग्रह तहकूब करावा लागला. पण परिषदेने त्याहून मोठी गोष्ट केली. बाबासाहेबांनी भाषणात १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीतल्या राष्ट्रीय सभेचा दाखला दिला. आम्ही तळ्यावर जातो ते पाण्यासाठी नव्हे, इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असं ते म्हणाले. मग परिषदेने हक्कांचा जाहीरनामाच संमत केला: माणसं जन्मतः समान दर्जाची आहेत. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. रात्री लहानशा खड्ड्यात चंदनाची लाकडं रचून ती पोथी पेटवली गेली.

या परिषदेबद्दल आपल्याकडे ज्वाळांचीच चर्चा होते आणि जाहीरनामा मागे पडतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. जुना ग्रंथ नाकारताना त्याच्या जागी काय हवं हेही या माणसांनी त्याच बैठकीत लिहून ठेवलं होतं, आणि तेही राज्यघटनेच्या बावीस-तेवीस वर्षं आधी. शाळेत मला मिठाच्या सत्याग्रहाची तारीख पाठ होती. महाडच्या या ठरावांबद्दल एक ओळही आठवत नाही.

सवर्णांनी तळ्यावरच्या हक्कासाठी लावलेला दावा पुढे दहा वर्षं चालला. सवर्णांची अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ ला दिला.

जायचं असेल तर कोकण रेल्वेचं वीर स्टेशन जवळ पडतं, एसटीने तर थेट महाड. २० मार्च आणि २५ डिसेंबरला अफाट गर्दी असते, पण शक्य असेल तर त्याच दिवशी जा. पुस्तकांचे स्टॉल लागतात, शाहिरांचे जलसे होतात आणि आजींसारखी माणसं आपल्या घरातली आठवण स्वतःहून सांगतात. दासगावपासून चालणार असाल तर सकाळी लवकर निघा, पाणी सोबत घ्या.