४९ नंबरचं हिट

आज भांडी घासताना 'कूल प्लेसेस' लावलं आणि मग दिवसभर डोक्यात तेच. १९८३ चं गाणं. स्पार्क्स म्हणजे लॉस एंजेलिसचे रॉन आणि रसेल मेल हे भाऊ, सोबत गो-गोज या मुलींच्या बँडची जेन वीडलिन. सिंथेसायझरचा टणटणीत ठेका, रसेलचा चढा सूर आणि त्याच्याशी मस्ती करणारा जेनचा खट्याळ, पोरसवदा आवाज. विरह-बिरह काही नाही, दोघांना फक्त झकास ठिकाणी जायचंय. बास!

बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत गाणं पोचलं ४९ पर्यंत. आणि तरी अमेरिकेतलं स्पार्क्सचं सगळ्यात मोठं हिट तेच! १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरावर जाऊन आलेली ही मंडळी, पण स्वतःच्या देशात काही टॉप ४० त शिरता आलं नाही. उलट गो-गोजचा पहिला अल्बम १९८२ मध्ये तिथे चक्क एक नंबरवर. म्हणजे तेव्हा तिकडे मोठं नाव जेनचं, आणि ती मुळात यांची फॅन!

माझ्या मते गाणं जेवढं चाललं त्यातलं निम्म्याहून जास्त श्रेय तिचं. स्पार्क्सचे भक्त चिडतील, चिडू देत.

नवरा म्हणाला, "हे काय कार्टून लावलंयस?"

मी आवाज वाढवला.