बाटलीवरचं व्हिटॅमिन वाचा, पण आधी साखर मोजा

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या आसपास गेला की टपरीवरच्या फ्रिजमध्ये कोलाशेजारी 'व्हिटॅमिनयुक्त' रंगीत बाटल्या येऊन बसतात. पोराला कोला घेऊन देताना मन कचरतं, हिच्या वेळी कचरत नाही. विक्रीची मेख तिथंच आहे.

बाटली फिरवून मागचा तक्ता बघा. साखरेचा आकडा बहुतेक वेळा 100 मिलीचा असतो. तिथं 9 ग्रॅम असेल, तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत 45 ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट अकरा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली मर्यादा मोठ्या माणसाला दिवसभरात साधारण 50 ग्रॅम, जमलं तर 25. चहा, शिकरण, जिलबी सगळं त्यातच आलं.

आता व्हिटॅमिन. भारतीय शिफारशीनुसार पुरुषाला रोज 80 मिलिग्रॅम सी पुरतं. 100 ग्रॅम पेरूत ते 200 च्या घरात असतं. सी पाण्यात विरघळणारं, गरजेपेक्षा जास्त घेतलं की लघवीवाटे जातं. बी2 जास्त झालं की लघवी पिवळीधमक होते, ती 'ताकद' वाहून चालल्याची खूण. मात्र बी6 वर्षानुवर्षं मोठ्या मात्रेत घेतलं तर नसांना इजा होते, त्यामुळे 'जास्त झालं तर काय बिघडतं' हे सगळ्या व्हिटॅमिनांना लागू नाही. डी स्निग्धासोबत नीट शोषलं जातं. उपाशीपोटी थंडगार पाण्यासोबत त्याचा उपयोग कमी. रक्ततपासणीत बी12 किंवा डी कमी निघालं, तर डॉक्टरांनी दिलेली मात्रा घ्या. सरबताच्या घोटांनी ती कमतरता भरून काढायला जाऊ नका.

अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासनसुद्धा गोळ्या-चॉकलेटं आणि सोडायुक्त पेयांत जीवनसत्त्वं घालणं योग्य मानत नाही. आयोडीन मिठात घालतात, कारण मीठ सगळेच खातात आणि थोडंच खातात. साखरपाण्याचं तसं नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड. क्रेट दुकानाबाहेर उन्हात पडून असतात. उष्णता, उजेड आणि हवेने सी हळूहळू नासतं. घटकांच्या यादीत 211 (सोडियम बेंझोएट) आणि 300 (अॅस्कॉर्बिक अॅसिड, म्हणजे सी) हे दोन्ही आकडे असतील, तर उन्हा-उजेडात त्यांच्यापासून अत्यल्प का होईना, बेंझिन तयार होऊ शकतं. साखर ही क्रिया मंदावते, म्हणून बिनसाखरेच्या बाटलीबाबत जास्त सावध. एका बाटलीने कोणी आजारी पडत नाही, पण उन्हात तापलेला क्रेट घरी आणू नका.

शेतातून घामाघूम होऊन आल्यावर पाणी आणि मीठ लागतं. साधं पाणी, मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं पुरतं. जुलाब-उलट्या असतील तर औषध दुकानातली, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएस पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवा. पुडी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर 6 सपाट लहान चमचे आणि मीठ त्याच लहान चमच्याने सपाट अर्धा चमचा. मीठ अंदाजाने टाकू नका, लहान मुलाला जास्त झालेलं मीठ धोक्याचं. साखरही वाढवू नका, ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. व्हिटॅमिनचं गोड पेय अशा वेळी देऊ नये, ते याचसाठी.