तुम्ही विचारलंत म्हणून : वसुलीवाल्यांचा फोन उचलावा का?

“कार्डाचे पैसे थकलेत, दिवसाला दहा-बारा फोन येतात. तुम्ही यातून गेला आहात म्हणून विचारते, फोन उचलायचा की नाही?” हा प्रश्न मला कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी विचारला आहे, इमारतीतल्या शेजारणीने विचारला आहे आणि एकदा मुलीच्या मैत्रिणीच्या आईने लोकलच्या गर्दीत अगदी कानाशी येऊन विचारला आहे. विचारताना प्रत्येकाचा आवाज खाली जातो. मीही वर्षभर त्याच खालच्या आवाजात बोलत होते, म्हणून या वेळी उत्तर सविस्तर लिहीत आहे.

माझे उत्तर असे की फोन एकदा उचलावा, बोलणाऱ्याचे नाव, एजन्सीचे नाव आणि कोणत्या बँकेच्या वतीने तो बोलतो आहे हे लिहून घ्यावे, “पुढचे बोलणे मी बँकेशी लेखी करीन” एवढे सांगावे आणि त्याच दिवशी बँकेला खरोखर लिहावे. फोनवर कोणतीही तारीख किंवा रक्कम कबूल करू नये. हे मला सुचलेले नाही. ते शिकायला मला जो काळ लागला, त्यात बरेच नुकसान झाले.

एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत माझे पती रुग्णालयात होते आणि बिलापैकी 1,40,000 रुपये मी क्रेडिट कार्डावर भरले. त्या क्षणी दुसरा मार्ग नव्हता आणि त्याबद्दल मला आजही खंत नाही. खंत आहे ती पुढच्या सतरा महिन्यांची. स्टेटमेंटवर ‘किमान देय रक्कम’ म्हणून पाच टक्के लिहिलेले असत आणि ती वेळेवर भरली की आपण नियमित आहोत, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात व्याज दरमहा साडेतीन टक्के होते. 1,40,000 वर पहिल्या महिन्याचे व्याज 4,900 रुपये, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 882 रुपये. मी भरलेल्या 7,000 रुपयांतून मुद्दल उतरले फक्त 1,218 रुपयांनी. सतरा महिन्यांत मी सुमारे 1,10,000 रुपये भरले आणि मुद्दल 19,000 रुपयांच्या आसपास कमी झाले. हा हिशेब मी पैसे भरणे थांबल्यानंतर मांडला, आधी नाही. मी स्वतः एका लहान कंपनीत हिशेबाचे काम करते, तरीही स्वतःच्या स्टेटमेंटचे दुसरे पान मी कधी उघडले नव्हते.

आमचे आजोबा ‘दामदुपट’ हा शब्द वापरत. सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येत नाही, असा तो जुना नियम मुंबई इलाख्यात न्यायालयेही मानत असत. बँकांच्या कर्जाला आज असे कुंपण नाही. बँकेने लावलेला व्याजदर जास्त आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाने तो हिशेब पुन्हा उघडू नये, अशी तरतूद बँकिंग नियमन कायद्यातच आहे. क्रेडिट कार्डावर तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला. म्हणून ‘इतके व्याज बेकायदा असेलच’ या आशेवर कोणीही थांबू नये.

सप्टेंबर 2022 मध्ये पतींची नोकरी गेली आणि ऑक्टोबरपासून मी काहीच भरू शकले नाही. नोव्हेंबरमध्ये फोन सुरू झाले. प्रत्येक वेळी वेगळा नंबर, वेगळा आवाज आणि तेच वाक्य : “मॅडम, संध्याकाळपर्यंत पाच हजार टाका, नाहीतर उद्या सोसायटीत माणूस येईल.” मी भीतीपोटी दोनदा तारीख कबूल केली आणि दोन्ही वेळा ती पाळू शकले नाही, त्यामुळे तिसऱ्या वेळचा आवाज अधिक चढा झाला. मग एका रात्री साडेनऊला साताऱ्याहून माझ्या धाकट्या नणंदेचा फोन आला. “वहिनी, तुमच्यावर वॉरंट निघालंय म्हणून कोणीतरी सांगत होतं. काय झालंय?” कार्ड घेताना अर्जावर संदर्भ म्हणून मी तिचा नंबर दिला होता. त्या रात्री वाटलेली लाज मला शब्दांत सांगता येत नाही. तोपर्यंत घरात हे फक्त मला आणि पतींना माहीत होते.

आमच्या इमारतीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी स्टेटमेंट मागितले, मग चहा ठेवायला सांगितला. “वॉरंट वगैरे काही नाही. हे दिवाणी देणं आहे, यात पोलीस येत नाहीत. फोनवर जे बोलणं झालं ते झालंच नाही असं धर आणि बँकेला लिही.” त्यांनी मला रिझर्व्ह बँकेचे 12 ऑगस्ट 2022 चे परिपत्रक वाचायला दिले. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, कर्जदाराच्या कुटुंबीयांच्या, मित्रांच्या किंवा संदर्भ म्हणून दिलेल्या व्यक्तींच्या खासगीपणात शिरायचे नाही, खोटी माहिती द्यायची नाही, हे सर्व त्यात स्पष्ट होते. एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी त्याच्या वर्तनाची जबाबदारी बँकेचीच राहते, हेही त्यात होते. नणंदेला आलेल्या एका फोनने यातले चार नियम मोडले होते.

मी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला आणि तोच मजकूर पोचपावतीसह टपालाने पाठवला. कार्डाचे शेवटचे चार आकडे, पतींचे आजारपण आणि नोकरी, घरातले उत्पन्न आणि खर्च, दरमहा मी खात्रीने किती देऊ शकते, मुद्दल-व्याज-दंड यांची फोड मिळावी ही मागणी, वसुलीसाठी नेमलेल्या एजन्सीचे नाव कळावे ही मागणी आणि शेवटी नणंदेला आलेल्या फोनची तारीख, वेळ व नंबर. पत्रात कुठेही विनवणी नव्हती आणि देणे नाकारलेले नव्हते. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य ऑनलाइन तक्रार करता येते, हे मला ठाऊक आहे, एवढेच वाक्य अखेरीस घातले. बाराव्या दिवशी उत्तर आले. नणंदेला येणारे फोन थांबले आणि मला येणारे दिवसाला एकावर आले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अशा थकबाकीसाठी बँकेने दावा लावण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि त्या मुदतीत आपण सहीनिशी लेखी कबुली दिली की ती नव्याने मोजली जाते. माझ्या पत्राने तसे होऊ शकते, हे काकांनी मला आधीच सांगितले होते. मला देणे फेडायचेच होते, म्हणून मी लिहिले. ज्यांची थकबाकी फार जुनी आहे त्यांनी मात्र काहीही लिहिण्याआधी किंवा ‘टोकन’ म्हणून हजार-दोन हजार भरण्याआधी वकिलाला विचारावे. तालुका आणि जिल्हा विधी सेवा कार्यालयात महिलांना हा सल्ला विनामूल्य मिळतो.

फेब्रुवारीत दोन तरुण घरी आले. मी दारातच ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागितले, दोन्ही पाहिले, नावे लिहून घेतली आणि माझ्या पत्राची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यातला एक जण माझ्या भाच्याच्या वयाचा होता. त्याने पाणी मागितले; उन्हात सकाळपासून फिरत होता. त्याचा मला राग आला नाही. ज्या व्यवस्थेने त्याला महिन्याचे लक्ष्य देऊन माझ्या दाराशी आणि माझ्या नणंदेच्या फोनवर पाठवले, तिचा राग मला आजही आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये कल्याण न्यायालयातल्या लोकअदालतीची नोटीस आली. अशी नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. ते तडजोडीचे बोलावणे असते आणि तडजोड झाली नाही तर तिथे आपल्याविरुद्ध काहीही ठरत नाही. तोपर्यंत आकडा 2,08,000 वर गेला होता. बँकेचा अधिकारी पहिल्यांदाच समोरासमोर भेटला आणि तासाभराच्या बोलण्यानंतर तीन हप्त्यांत 1,15,000 वर मिटवायचे ठरले. तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी मी प्रत्येक ओळ वाचली. पुढच्या तारखांचे धनादेश द्यायला मी नकार दिला. कार्डाचे पैसे थकणे दिवाणी असले तरी न वटलेला धनादेश फौजदारी तक्रारीपर्यंत नेतो. पैसे मी थेट कार्डाच्या खात्यात भरले, एजंटाने दिलेल्या क्यूआर कोडवर नाही, आणि शेवटच्या हप्त्यानंतर देणे उरले नसल्याचे पत्र हातात घेतले. पहिल्या हप्त्यासाठी मी बांगड्या मोडल्या. उरलेले दोन पतींच्या नव्या नोकरीच्या पगारातून गेले.

तडजोडीची किंमत तेव्हा कोणी समजावून सांगत नाही, म्हणून मी सांगते. पूर्ण देणे फेडले तर पतअहवालात, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, खाते ‘क्लोज्ड’ दिसते. सूट घेऊन मिटवले तर ‘सेटल्ड’ दिसते आणि ती नोंद वर्षानुवर्षे राहते. कुठूनही पूर्ण मुद्दल आणि व्याज उभे करता येत असेल, तर सूट घेऊ नये असे मी म्हणेन. मला ते शक्य नव्हते. गेल्या वर्षी मुलीच्या अभियांत्रिकीसाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज केला तेव्हा शाखेतल्या बाईंनी माझा अहवाल पाहिला, तो हळूच माझ्याकडे वळवला आणि त्या एका शब्दावर पेन टेकवले. कर्ज मिळाले. अर्जावर सहकर्जदार म्हणून सही मुलीच्या मामाची आहे.